निर्लेखनाआधी एकदा यंत्राच्या आत डोकावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळांमधलं निरुपयोगी साहित्य निर्लेखित करून, म्हणजे नोंदवहीतून कमी करून, लिलावात काढण्याची बातमी आपल्या अंकात वाचली. मोडके बाक, गंजलेली पत्र्याची कपाटं, फुटके फळे यांच्या रांगेत 'जुने संगणक संच' असे तीन शब्द होते. त्या तीन शब्दांसाठी हे पत्र लिहीत आहे. मी गणिताची निवृत्त शिक्षिका. सगळी नोकरी परभणी जिल्ह्यातच झाली, आणि असाच एक संच भंगाराच्या हातगाडीवरून मी परत घरी आणलेला आहे.

१९८४-८५ साली केंद्र सरकारने शाळांसाठी 'क्लास' हा संगणक साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला. सुरुवातीला देशभरातल्या अडीचशे शाळा त्यात होत्या आणि यंत्र निवडलं होतं इंग्लंडच्या एकॉर्न कंपनीचं, बीबीसी मायक्रो. आमच्या शाळेत ते त्यानंतर दोनेक वर्षांनी आलं. खिडक्यांना जाड हिरवे पडदे, दाराबाहेर चपलांची रांग, कोपऱ्यात गुणगुणणारा स्टॅबिलायझर, अशी ती खोली होती. बटण दाबलं की आधी एक जाडसर सूर आणि लगेच बारीक 'टीं' असा आवाज यायचा. त्या 'टीं'ला आठवीची पोरं श्वास रोखून बसायची. कळफलकाच्या वरच्या बाजूला ठिपक्यांनी काढलेलं घुबड होतं. आमच्या शिपाईमामांना ते पहिल्या दिवशी रुचलं नाही. शाळेत घुबड कशाला, म्हणाले. मी सांगितलं, मामा, ते लक्ष्मीचं वाहन आहे. दुसऱ्या दिवसापासून ते रोज सकाळी त्या घुबडावरची धूळ स्वतःच्या उपरण्याने पुसायचे.

त्या यंत्राची स्मरणशक्ती ३२ किलोबाइट. आज सकाळी मोबाइलवर येणारं 'शुभ सकाळ'चं एक चित्रही त्यात मावणार नाही. आणि रंगीत आलेख काढायचा म्हटलं की त्यातले २० किलोबाइट नुसता पडदाच खाऊन टाकायचा. तेवढ्यात मी पोरांना सरळ रेषेचं समीकरण शिकवलं, पॅराबोला काढून दाखवला. फळ्यावर खडूने काढलेला पॅराबोला माझ्या हाताने दर वेळी थोडा वाकडा यायचा. पडद्यावर तो ठिपक्या-ठिपक्याने उगवताना पाहून एक मुलगी म्हणाली होती, "बाई, हे तर दोरीवर उडी मारताना दोरी दिसती तसं झालं की." इतकं नेमकं उदाहरण मला पुस्तकात मिळालं नव्हतं.

मग नवे संगणक आले आणि ही यंत्रं भांडारखोलीत गेली. निवृत्तीच्या आधीच्या वर्षी निर्लेखनाचा ठराव झाला. मी विनंती केली की एक तरी संच शाळेच्या काचेच्या कपाटात ठेवा. उत्तर मिळालं, "बाई, डेडस्टॉक रजिस्टरवर राहिलं की ऑडिटला दाखवत बसावं लागतं." कोणी म्हटलं, कुठल्या शाळेत, हे लिहीत नाही. त्या माणसाचा दोष नव्हता, रीतच तशी आहे. तीन संच लोखंडाच्या भावाने गेले. मी फाटकाबाहेर भंगारवाल्याला थांबवलं, दीडशे रुपये दिले आणि एक संच, एक फ्लॉपी ड्राइव्ह आणि फ्लॉप्यांचा खोका रिक्षात घालून गंगाखेडला घरी आणला. घरच्यांनी विचारलं, आता ह्याचं काय करणार? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर मिळालं ते बऱ्याच वर्षांनी. माझा एक जुना विद्यार्थी परभणीत इलेक्ट्रॉनिक दुरुस्तीचं दुकान चालवतो. दिवाळीला भेटायला आला, माळ्यावरची पेटी बघितली आणि म्हणाला, "बाई, हे लावलं तर नाही ना?" मी म्हटलं, लावणारच होते. त्याने हात जोडले. या यंत्राच्या पॉवर सप्लायमध्ये पारदर्शक पिवळसर आवरणाचे फिल्टर कपॅसिटर, म्हणजे विजेतला गोंगाट गाळणारे छोटे भाग, असतात. वर्षानुवर्षांत त्या आवरणाला तडे जातात, आत दमट हवा शिरते, आणि एवढ्या काळाने वीज दिली की ते धूर सोडतात, फुटतातही. पेटी तो दुकानात घेऊन गेला आणि तीन आठवड्यांनी मला फोन आला: "बाई, तुम्ही स्वतः या. हे बघा काय निघालंय. नावं हायेत की हो ह्यात!"

मी गेले. मूळ कार्यप्रणाली ज्या चिपमध्ये असते ती रॉम त्याने खोबणीतून अलगद काढून वाचकयंत्रावर लावली होती. लॅपटॉपच्या पडद्यावर डावीकडे अंक-अक्षरांच्या जोड्यांची जत्रा आणि उजवीकडे एक अरुंद पट्टी. बहुतेक ठिकाणी त्या पट्टीत नुसते ठिपके आणि अर्थहीन चिन्हं होती. तो खाली खाली सरकवत गेला आणि जवळजवळ तळाशी त्या पट्टीत वाक्यं सुरू झाली. १९८१ सालचा एकॉर्नचा हक्कदर्शक मजकूर, आणि मग इंग्रजीत आभार. बीबीसी कॉम्प्युटरच्या घडणीत हातभार लावणाऱ्या पुढील मंडळींचे, आणि इतर कितीतरी जणांचे, जे मोजून सांगता येणार नाहीत. त्यापुढे आडनावांच्या वर्णानुक्रमाने, शाळेच्या हजेरीपटासारखी, नावं.

मी पडद्यावर बोट ठेवून एकेक नाव वाचलं. हर्मन हाउसर, ख्रिस करी, हे कंपनीचे संस्थापक. स्टीव्ह फर्बर. विल्सन, ज्यांना आज सोफी विल्सन म्हणून जग ओळखतं, या यंत्रावर प्रोग्राम लिहायची भाषा, बीबीसी बेसिक, त्यांनी लिहिली. मधेच '६५०२ डिझायनर्स', म्हणजे ज्या प्रोसेसरवर हे यंत्र चालतं तो बनवणाऱ्या परक्या कंपनीतल्या लोकांचेही आभार. केंब्रिज गावाचे आभार. विल्बरफोर्स रोड या एका रस्त्याचेसुद्धा आभार! आणि यादीच्या अगदी सुरुवातीला, तिसऱ्याच क्रमांकावर, बॅनर्जी. मी ते दोनदा वाचलं. जे यंत्र आम्ही 'इंग्लंडवरून आलेलं' म्हणून चपला काढून हाताळत होतो, त्याच्या पोटात आपल्या देशाकडचं एक आडनाव पहिल्या दिवसापासून लिहिलेलं होतं. मी ते पोरांना कधीच सांगू शकले नाही, कारण मला ते दिसण्याची सोयच नव्हती.

का नव्हती, तेही त्याने समजावलं. रॉमचा आकार १६ हजार ३८४ बाइट. प्रत्येक बाइटला यंत्रात एक क्रमांक असतो, त्याला पत्ता म्हणतात. पण त्या पत्त्यांपैकी ७६८ बाइटांची जागा कळफलक, प्रिंटर, ड्राइव्ह अशा जोडण्यांसाठी राखून ठेवलेली असते. प्रोसेसरने त्या पत्त्यावर हाक मारली की रॉम गप्प बसते आणि जोडणी उत्तर देते. म्हणजे चिपमध्ये ७६८ बाइट आहेत खरे, पण यंत्र चालू असताना ते वाचता येत नाहीत. जुन्या वाड्यात भिंतीतल्या देवळीपुढे कपाट उभं केलं, तर देवळी असतेच, फक्त कपाट हलवल्याशिवाय हाताला लागत नाही, तसं. त्या वाया जाणाऱ्या देवळीत या लोकांनी आपली नावं ठेवली. एका बाइटचाही वापरणाऱ्याला तोटा नाही. वाचायची असतील तर चिप उपटावी लागते. ती वाचकयंत्रावर लावा, नाहीतर यंत्रातल्या त्याच सर्किटच्या पाटीवर जादा रॉमसाठी ठेवलेल्या दुसऱ्या खोबणीत बसवा, तिथे हाच मजकूर उघड्या पत्त्यावर येतो. मला वाटतं, ज्यांनी हे केलं त्यांना माहीत होतं की कधीतरी कुणीतरी दुरुस्तीवाला एवढी खटपट करीलच.

या प्रकाराला संगणकाच्या दुनियेत 'ईस्टर एग' म्हणतात. ईस्टरच्या सणाला रंगवलेली अंडी अंगणात लपवून मुलांना शोधायला लावतात, त्यावरून. हे नाव पडलं त्याची हकीकत मला फार जवळची वाटते. व्हिडिओ गेम बनवणारी अटारी कंपनी आपल्या खेळांवर बनवणाऱ्यांची नावं छापत नसे. वॉरन रॉबिनेट यांनी 'ॲडव्हेंचर' हा खेळ एकट्याने लिहिला आणि कुणाला न सांगता त्यात एक गुप्त खोली ठेवली. भिंतीच्या रंगात मिसळून जाणारा एक राखाडी ठिपका शोधून तो योग्य जागी नेला की ती खोली उघडे आणि आत झगमगत्या अक्षरांत 'हे वॉरन रॉबिनेटने घडवलं' एवढंच. ते नोकरी सोडून गेले तरी कंपनीला पत्ता नव्हता. कळलं कसं, तर अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीच्या पंधरा वर्षांच्या एका मुलाने कंपनीला पत्र लिहिलं. रॉम बदलायची म्हणजे मोठा खर्च, म्हणून ते तसंच राहू दिलं, आणि तिथल्या स्टीव्ह राइट यांनी त्याला 'ईस्टर एग' हे नाव दिलं.

अशी उदाहरणं मी मग वेडासारखी गोळा केली. कमोडोर पेट या यंत्रावर 'वेट ६५०२,१' अशी वरवर निरर्थक आज्ञा दिली की पडद्यावर 'मायक्रोसॉफ्ट!' उमटतं. आपण लिहून दिलेल्या बेसिकवर बिल गेट्स यांनी ठेवलेली ती खूण. कमोडोर १२८ वर 'सिस ३२८००,१२३,४५,६' लिहिलं की बनवणाऱ्यांची नावं येतात आणि खाली हात गुंफा, हत्यारं बनवू नका अशा अर्थाची ओळ. १९८५च्या अमिगा १००० या संगणकाचं झाकण काढलं की आतल्या बाजूला साच्यातूनच उमटलेल्या सह्या दिसतात, आणि त्यात एका कुत्र्याच्या पंजाचा ठसा आहे. मुख्य रचनाकार जे मायनर यांची मिची ही कुत्री कामाच्या वेळी त्यांच्यासोबत असे, म्हणून तिचाही.

अॅपलने तर हे उघडपणे केलं. १० फेब्रुवारी १९८२ला त्यांच्या मॅकिंटॉश संगणकाच्या चमूने एका मोठ्या कागदावर सह्या केल्या, त्या पेटीच्या साच्यात कोरल्या गेल्या, आणि १९८४ साली बाजारात आलेल्या यंत्राच्या मागच्या आवरणात आतून त्या उमटल्या. लांब दांड्याचा, सहा पाकळ्यांच्या टोकाचा स्क्रू ड्रायव्हर असल्याशिवाय ते आवरण निघत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं वापरणाऱ्यालाही कळत नसे. पुढच्या मॅकिंटॉश एसईच्या रॉममध्ये चमूची चार छायाचित्रं साठवलेली होती. २०१२ साली न्यूयॉर्कमधल्या काही हौशी मंडळींनी रस्त्याच्या कडेला टाकून दिलेल्या एका एसईची रॉम वाचली आणि ते चेहरे जगापुढे आले. संपादक महाराज, हे वाक्य मी मुद्दाम लिहिते आहे: रस्त्याच्या कडेला टाकून दिलेल्या.

मराठवाड्याच्या माणसाला यात नवल वाटू नये, असं मला गंगाखेडला बसून वाटतं. अभंगाच्या शेवटच्या चरणात आपलं नाव विणण्याची रीत याच मातीतली. पैठणचे नाथ 'एका जनार्दनी' म्हणतात, नर्सीचे नामदेव 'नामा म्हणे' म्हणतात. आणि आमच्या गावची जनाबाई, जिच्याकडे दळण-कांडण होतं, मालकी कशाचीच नव्हती, तीही शेवटी 'दासी जनी' म्हणून आपलं नाव ठेवते. ती नाममुद्रा नसती तर आज ते अभंग कुणाचे म्हणून गायले गेले असते? उलट अजिंठ्याच्या लेण्यांत दान देणाऱ्यांचे शिलालेख आहेत, पण ज्यांनी त्या भिंतींवर रंग चढवला ते चितारी आपल्याला नावाने माहीत नाहीत. मी दर वर्षी सहल घेऊन जायचे आणि दर वर्षी एखादं पोरगं विचारायचंच, "बाई, हे काढलं कुणी?"

दुसरी बाजूही मान्य करते. १९९७च्या एक्सेलमध्ये तर विमान उडवायचा अख्खा खेळ लपवलेला होता. एफ-५ दाबायचं, 'एक्स९७:एल९७' लिहून एंटर, मग टॅब, आणि कंट्रोल-शिफ्ट धरून चार्ट विझार्डवर क्लिक. जांभळ्या डोंगरांवरून उडत गेलं की एका शिळेवर नावं सरकताना दिसत. पण कचेरीच्या हिशोबाच्या कामासाठी घेतलेल्या वस्तूत कुणालाही न सांगता खेळ घालणं मला पटत नाही. जे सांगितलेलं नाही ते तपासलं कुणी? २००२ पासून मायक्रोसॉफ्टने सुरक्षित, विश्वासार्ह संगणनाचं धोरण घेतलं आणि असले लपवलेले प्रकार बंद केले, ते योग्यच झालं. बीबीसी मायक्रोतली यादी मात्र तशी नाही. ती काहीच करत नाही. ती नुसती आहे.

आणि त्या यादीतल्या दोन नावांचं पुढे काय झालं, हे आजच्या मुलांना सांगण्यासारखं आहे. विल्सन आणि फर्बर यांनी त्याच कंपनीत आर्म नावाचा प्रोसेसर रचला. २६ एप्रिल १९८५ला पहिली चिप चालली. आज जगातले जवळजवळ सगळे मोबाइल त्याच रचनेच्या वंशावर चालतात. मोंढ्यात उभा राहून सोयाबीनचा भाव मोबाइलवर बघणाऱ्या शेतकऱ्याच्या खिशात त्या दोघांचं काम आहे, आणि त्यांची नावं आमच्या शाळेच्या भांडारखोलीत धूळ खात होती. आम्ही ती लोखंडाच्या भावाने विकली.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे. निर्लेखनाच्या यादीत जुना संगणक असेल, तर तो हातगाडीवर चढण्याआधी कुणीतरी जाणता माणूस बोलावून उघडून बघा. नांदेड, लातूर, छत्रपती संभाजीनगर, सगळीकडे अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. जुन्या रॉम वाचून जपणं हे शेवटच्या वर्षाच्या पोरांसाठी उत्तम प्रकल्पाचं काम आहे. प्रत्येक जिल्ह्यात एक चालू स्थितीतला संच कुठल्यातरी काचेच्या कपाटात राहावा, आणि त्याची नोंद डेडस्टॉकमधून काढून वस्तुसंग्रहात घेता येईल असा साधा नियम शिक्षण खात्याने करावा. एका परिपत्रकाचं काम आहे. आपल्या छापखान्याच्या माळ्यावर डीटीपीच्या पहिल्या दिवसांतला एखादा मॅकिंटॉश पडून असेल तर तोही उघडा आणि आतल्या बाजूला टॉर्च धरा.

उघडणाऱ्यांनी मात्र एवढं पाळावं. आधी वीज देऊ नका. ज्या चिपच्या पाठीवर काचेची गोल खिडकी आणि तिच्यावर चिकटवलेली पट्टी असते, ती पट्टी काढून चिप उन्हात ठेवू नका. प्रकाशातल्या अतिनील किरणांनी आतला मजकूर हळूहळू पुसला जातो. पाटीवर बॅटरी असेल आणि तिच्याभोवती हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड दिसत असेल, तर ती आधी काढा, ती तांब्याच्या रेघा खाते.

माझा संच आता चालतो. कपॅसिटर बदलल्यावर माझ्या विद्यार्थ्याने तो घरी आणून लावून दिला. तोच जाडसर सूर आणि तीच 'टीं'. खोक्यातल्या बहुतेक फ्लॉप्यांना बुरशी लागली होती, चारच वाचल्या. त्यांतल्या एकीत 'स्टार कॅट' ही यादी दाखवणारी आज्ञा दिल्यावर आठवीच्या मुलांच्या प्रोग्रामांची नावं आली. बेसिकमध्ये 'रेम' लिहून पुढे काहीही लिहिलं तर यंत्र ते वाचत नाही, माणसासाठी ठेवलेली ती टीप असते. पोरं त्या ओळीत आपली नावं घालायची. मेमरी पुरत नसल्यामुळे मी सगळ्यांना त्या ओळी काढायला लावल्या होत्या, वहीत सूचना लिहून घेतली होती, तपासलंही होतं. पॅराबोलाचा एक प्रोग्राम मी लिस्ट केला तर सगळ्यात शेवटी, जिथे मी बघितलं नसावं, तिथे एक ओळ तशीच होती: रेम, मग एका मुलीचं नाव, आठवी ब, हजेरी क्रमांक २३.

तिचं नाव इथे लिहीत नाही. तिने हे पत्र वाचलं तर तिला कळेलच. संत जनाबाईंच्या मंदिराच्या बाजूने कुणालाही गणिताच्या बाईंचं घर विचारावं. फ्लॉपी कोरड्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवली आहे.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका,
गंगाखेड, जि. परभणी